दोन मार्ग, एक अमाइन: संश्लेषण मार्गांच्या पर्यावरणीय मूल्यमापनाच्या नोंदी

६ जानेवारी. कामाची मांडणी

औषधनिर्मितीत लागणाऱ्या एका कायरल अमाइनसाठी (म्हणजे ज्याचे एकमेकांच्या आरशातील प्रतिमेसारखे दोन समघटक असतात आणि त्यांतला एकच हवा असतो) आमच्याकडे दोन संश्लेषण मार्ग आहेत, आणि त्यांपैकी पर्यावरणावर कमी भार टाकणारा कोणता, हे आकड्यांनिशी सांगण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मूळ रेणू गोपनीय असल्यामुळे तो येथे लिहिता येत नाही. म्हणून पद्धत आधी ४-आयसोब्युटिलॲसिटोफिनोन या कीटोनपासून मिळणाऱ्या अमाइनवर बसवून पाहायची आणि त्याच्याच नोंदी ठेवायच्या, असे ठरले. या कीटोनमधून आयब्युप्रोफेन या वेदनाशामक औषधाचे जुने आणि नवे असे दोन्ही सुप्रसिद्ध मार्ग जातात, त्यामुळे पडताळणीला आयता आधार मिळतो.

मार्ग ‘अ’ असा: कीटोन, अमोनिया आणि हायड्रोजन यांपासून रेने निकेल या उत्प्रेरकावर रेसिमिक (दोन्ही समघटक सारखे असलेले) अमाइन करायचे, टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे मेथनॉलमध्ये स्फटिकीकरण करून हवा तो समघटक वेगळा काढायचा, आणि शेवटी त्याचे हायड्रोक्लोराइड करायचे. मार्ग ‘ब’ असा: त्याच कीटोनवर ट्रान्सअमिनेज एन्झाइम वापरून थेट हवा तो समघटक मिळवायचा, अमाइनचा पुरवठा आयसोप्रोपिलअमाइनकडून घ्यायचा, आणि मग हायड्रोक्लोराइड करायचे.

पहिला दिवस गणितपत्रक तपासण्यात घालवला आणि तो वाया गेला नाही. आयब्युप्रोफेनचा रेणुभार २०६.२८ आहे. बीएचसी कंपनीच्या तीन टप्प्यांच्या मार्गात आयसोब्युटिलबेंझीन, ॲसिटिक ॲनहायड्राइड, हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांची बेरीज २६६.३ येते, म्हणजे अणू-काटकसर (कच्च्या मालाच्या वजनापैकी उत्पादनात उतरणारा वाटा) ७७ टक्के. बूट्स कंपनीच्या १९६० च्या दशकातील सहा टप्प्यांच्या मार्गाला पत्रकाने ४० टक्के दिले. दोन्ही आकडे छापील आकड्यांशी जुळले, तेव्हाच पुढे जाण्याचा धीर आला.

९ जानेवारी. पत्रक बरोबर, पण प्रश्न अपुरा

अणू-काटकसरीच्या हिशेबात ॲल्युमिनियम क्लोराइड कोठेच दिसत नाही, कारण त्याला ‘उत्प्रेरक’ म्हणून बाजूला ठेवले जाते. प्रत्यक्षात तयार झालेले कीटोन त्याला धरून बसते आणि शेवटी पाणी घालून सगळे नष्ट करावे लागते. ॲनहायड्राइड वापरले तर दर मोल कीटोनमागे ते दोन मोलहून अधिक लागते. २.२ मोल धरले, तरी ते २९३ ग्रॅम होते, म्हणजे मिळणाऱ्या २०६ ग्रॅम आयब्युप्रोफेनपेक्षा जास्त. ज्या मापनात उत्पादनापेक्षा वजनदार कचरा अदृश्य राहतो, ते मापन फार तर कागदावरच्या पहिल्या चाळणीपुरते वापरावे, असे मी ठरवले.

दुसरी बाजूही लिहून ठेवतो. बीएचसीच्या मार्गाला १९९७ मध्ये अमेरिकेतील प्रेसिडेन्शियल ग्रीन केमिस्ट्री चॅलेंज पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. पण त्यात ॲल्युमिनियम क्लोराइडची जागा निर्जल हायड्रोजन फ्लोराइडने घेतली, जे पुन्हा पुन्हा वापरता येते खरे, परंतु हाताळायला अत्यंत घातक आहे. हा धोका वस्तुमानाच्या कोणत्याही गुणोत्तरात उमटत नाही. त्यामुळे पत्रकात धोक्याचा स्तंभ वेगळा ठेवला असून तो इतर आकड्यांत मिसळायचा नाही, असा नियम केला आहे.

मुख्य माप म्हणून पीएमआय घेतला, म्हणजे आत गेलेल्या सर्व पदार्थांचे वजन भागिले मिळालेल्या उत्पादनाचे वजन. शेल्डन यांनी १९९२ मध्ये मांडलेला ई-फॅक्टर (कचऱ्याचे वजन भागिले उत्पादनाचे वजन) आणि पीएमआय यांत, पाणी दोन्हीकडे धरले तर, फक्त एकाचा फरक असतो.

१५ जानेवारी. चार दिवस गेले ते एका क्षारामुळे

दोन्ही मार्गांच्या प्रयोगवह्या घेऊन वस्तुमानाचा ताळेबंद मांडायला बसलो. ‘अ’ची बेरीज विचित्र चांगली येत होती. चार दिवस द्रावकांच्या नोंदी पुन्हा पुन्हा तपासल्या, आणि चूक निघाली ती भाजकात. ‘अ’चा उतारा (प्रत्यक्ष हाती आलेले उत्पादन) वहीत मोकळ्या अमाइनचा होता, ‘ब’चा हायड्रोक्लोराइडचा होता, आणि ‘अ’मध्ये मोल तसेच ठेवून मी ग्रॅम करताना क्षाराचा रेणुभार दोनदा लावला होता. अमाइन १७७.३, हायड्रोक्लोराइड २१३.७५, म्हणजे २० टक्क्यांची फुकटची सूट ‘अ’ला मिळत होती.

आता एकक पक्के लिहिले आहे: ९९ टक्क्यांहून अधिक समघटक-शुद्धता असलेले, पूर्ण वाळवलेले १ किलो हायड्रोक्लोराइड. हे वाक्य पहिल्याच दिवशी पत्रकाच्या माथ्यावर लिहिले असते, तर आठवडाभराची कटकट वाचली असती.

२२ जानेवारी. पहिला निकाल, आणि तो चुकीचा

आकडे असे आले. कीटोन आम्ही स्वतः करतो (आयसोब्युटिलबेंझीन, ॲसिटिल क्लोराइड, ॲल्युमिनियम क्लोराइड, द्रावक म्हणून डायक्लोरोमिथेन, नंतर बर्फ आणि धुण्याचे पाणी) आणि त्याचा पीएमआय २० आहे. त्यात ११ किलो पाणी आणि ६ किलो डायक्लोरोमिथेन. कीटोनपासून पुढे ‘अ’चा पीएमआय ७३ आणि ‘ब’चा ८२.

मी सरळ बेरीज केली: ‘अ’ ९३, ‘ब’ १०२. एन्झाइमचा मार्ग हरला, असा दोन पानी निष्कर्षही लिहून टाकला. सहकाऱ्यांना तो पाठवला, हे अधिक वाईट झाले.

२४ जानेवारी. बेरीज नव्हे, गुणाकार

एका सहकाऱ्याने वाचून एवढेच विचारले की दर किलो उत्पादनाला कीटोन किती लागते. प्रश्न ऐकताच चूक लक्षात आली. टप्प्यांचे पीएमआय नुसते मिळवता येत नाहीत. मधल्या पदार्थाचा पीएमआय तो पदार्थ जितके किलो लागतो तितक्याने गुणावा लागतो आणि मग त्या पदार्थाचे स्वतःचे वजन वजा करावे लागते, नाही तर ते दोनदा मोजले जाते.

‘अ’मध्ये रेसिमिक अमाइनचा उतारा ८० टक्के, समघटक वेगळा काढण्याचा ३६ टक्के (येथे निम्मा माल नको त्या समघटकाचा असल्यामुळे कमाल ५० टक्केच शक्य असते) आणि क्षाराचा ९२ टक्के, एकूण २६.५ टक्के. म्हणून १ किलो उत्पादनाला ३.११ किलो कीटोन लागते. ‘ब’मध्ये ७८ गुणिले ९४, म्हणजे ७३ टक्के, आणि कीटोन फक्त १.१२ किलो.

दुरुस्त हिशेब: ‘अ’साठी ७३ उणे ३.११ अधिक ३.११ गुणिले २०, म्हणजे १३२. ‘ब’साठी त्याच रीतीने १०३. निकाल उलटला. जो निम्मा माल मदर लिकरमध्ये (स्फटिक गाळल्यावर उरलेल्या द्रावणात) जातो, त्याच्यासोबत त्याच्या मागे लागलेले डायक्लोरोमिथेन, ॲल्युमिनियम क्लोराइड आणि बर्फही वाहून जातात, आणि नुसत्या बेरजेत ते कुठेही दिसत नाही. कीटोन बाहेरून विकत घेतले असते आणि त्याला १ किलो ‘कच्चा माल’ म्हणून सोडून दिले असते, तरी हीच चूक झाली असती, फक्त ती पकडायला कोणी नसते.

पडताळणी म्हणून ‘अ’मधील वाटा काढला: द्रावक ५६ टक्के, पाणी ३३ टक्के, उरलेले सर्व ११ टक्के. औषध उद्योगातील कंपन्यांच्या एकत्रित आकडेवारीतही हेच चित्र दिसते, निम्म्याहून अधिक द्रावक आणि तृतीयांशाच्या आसपास पाणी, त्यामुळे ढोबळ काही सुटलेले नसावे. पाठवलेले टिपण मागे घेतल्याचा निरोप त्याच दिवशी दिला.

३० जानेवारी. डेटाबेसमधला एक सापळा

जीवनचक्र मूल्यमापनासाठी (कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंतच्या भाराच्या हिशेबासाठी) आकडे भरायला घेतले. आम्ही वापरतो त्या डेटाबेसमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल ‘३० टक्के द्रावणाच्या स्थितीत, पाण्याविना’ आणि कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) ‘५० टक्के द्रावणाच्या स्थितीत, पाण्याविना’ अशा नावांनी आहे. त्याचा अर्थ असा की भरायचा आकडा शुद्ध पदार्थाचा असतो. मी बाटलीतल्या द्रावणाचे वजन भरले होते, त्यामुळे कॉस्टिकचा भार दुप्पट आणि आम्लाचा तिपटीहून अधिक झाला. पीएमआयच्या पत्रकात याच्या बरोबर उलटे करावे लागते: तेथे द्रावणाचे पूर्ण वजन, पाण्यासकट. दोन पत्रके, दोन नियम. दोन्हींच्या स्तंभांना वेगळा रंग दिला.

५ फेब्रुवारी. टोल्युईन कोठे जाते

‘ब’मध्ये दर किलो उत्पादनाला ३० किलो टोल्युईन (उत्पादन पाण्यातून काढून घेण्याचे द्रावक) जात होते. वहीत कारण सापडेना, म्हणून ४० ग्रॅम कीटोनचा एक लॉट समोर उभे राहून पाहिला.

अभिक्रिया संपली तेव्हा आठशे मिलिलिटर फिकट पिवळे द्रावण होते. त्यात अल्कली घालून पहिले टोल्युईन ओतले, सेपरेटिंग फनेल दोनदा उलटसुलट केले आणि स्टँडवर ठेवले. वर टोल्युईनचा बोटभर स्वच्छ थर आला, खाली पाण्याचा, आणि मध्ये तिसरा, पांढरा, साबणाच्या फेसासारखा पण जड, सर्वांत जाड थर. तासाभराने त्याची उंची जवळपास तेवढीच होती. रात्रभर ठेवल्यावर तो एक बोट खाली सरकला. एन्झाइमचे प्रथिन दोन द्रवांच्या सीमेवर जाऊन बसते आणि थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाही; हेच इमल्शन. प्रयोग करणारे सहकारी या थरातले उत्पादन सोडायला तयार नसल्यामुळे पुन्हा टोल्युईन, पुन्हा धुणे, असे पाच वेळा करत होते. वहीत मात्र ‘टोल्युईनने निष्कर्षण’ एवढेच दोन शब्द. ताळेबंद नुसत्या वहीवरून करू नये, याला याहून चांगले उदाहरण मला मिळाले नसते.

मीठ घालून पाहिले. थर थोडा बारीक झाला, मोडला नाही, आणि सांडपाण्यात मिठाची भर मात्र पडली. तो लॉट वाया गेला.

१२ फेब्रुवारी. इमल्शन मोडले

क्रम बदलला. अभिक्रिया संपल्यावर आधी आम्ल घालून पीएच २ पर्यंत खाली आणला. अमाइन क्षाराच्या रूपाने पाण्यात राहिले, प्रथिन मात्र गढूळ होऊन बाहेर पडले. मग तासभर ६० अंशांवर ठेवले, त्यामुळे प्रथिनाचे कण मोठे झाले, आणि सेलाइट या गाळणीसाठीच्या भुकटीच्या थरातून गाळले. पहिल्या वेळी गाळणी दहा मिनिटांत तुंबली, कारण सेलाइट फक्त खाली पसरले होते. दुसऱ्या वेळी काही भाग द्रावणातच मिसळला आणि गाळण अर्ध्या तासात संपले. गाळलेल्या आम्लीय द्रावणातून न बदललेले कीटोन थोड्या टोल्युईनने काढले, नंतर अल्कली घालून अमाइन दोनदा काढले. थर दोन मिनिटांत वेगळे झाले.

टोल्युईन ३० वरून १४ किलोवर आले, धुण्याचे पाणी १५ वरून ९ वर. ‘ब’चा एकूण पीएमआय १०३ वरून ८१ झाला. हिशेबात यातून जेवढी सुधारणा झाली, तेवढी एन्झाइम बदलून झाली नसती. खर्च: सहा कामाचे दिवस, दोन वाया गेलेले लॉट, सुमारे ६ लिटर टोल्युईन.

याच लॉटमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. अॅसिटोफिनोनच्या कुळातील कीटोनसाठी या अभिक्रियेचा समतोल मुळातच प्रतिकूल असतो, म्हणून आयसोप्रोपिलअमाइन आठपट घ्यावे लागते आणि तयार होणारे ॲसिटोन नायट्रोजनच्या झोताने सतत बाहेर काढावे लागते. परंतु ॲसिटोन ५६ अंशांवर उकळते आणि आयसोप्रोपिलअमाइन ३२–३३ अंशांवर, त्यामुळे झोत आपल्याला हवे ते आधी उडवतो. पीएच हळूहळू उतरू लागणे हीच त्याची खूण. आता पीएच पाहून अमाइनची भर घालतो. दर किलो उत्पादनाला ३ किलो सुरुवातीला आणि १ किलो भर. ही भर पूर्वी कोणी लिहूनच ठेवत नव्हते.

१८ फेब्रुवारी. विजेचे मीटर

ऊर्जेचा आकडा हवा म्हणून रोटरी इव्हॅपोरेटर, ढवळणी आणि चिलर यांना मीटर लावून दोन दिवस मोजले. ३५ ग्रॅम उत्पादनामागे ४ किलोवॅट-तास, म्हणजे किलोमागे ११४. हा आकडा खरा आहे आणि निरुपयोगी आहे. लहान भांड्यात जवळजवळ सगळी वीज भांडे, हवा आणि चिलर यांवर जाते. मोठ्या पात्रात हे प्रमाण पूर्ण बदलते. मीटर काढून टाकले. ऊर्जा आता पदार्थ तापवण्याची आणि बाष्पीभवनाची उष्णता मोजून काढतो, आणि तो किमान आकडा आहे असे शेजारी लिहितो.

२४ फेब्रुवारी. जाळण्याचा हिशेब आणि डायक्लोरोमिथेनची लबाडी

वापरलेले द्रावक जाळले जातात असे धरून थेट कार्बन डायऑक्साइड काढला. यासाठी डेटाबेसची गरज नाही, रेणुसूत्र पुरते. दर किलोमागे टोल्युईन ३.३४ किलो, आयसोप्रोपिल ॲसिटेट २.१६, मेथनॉल १.३७, डीएमएसओ (डायमिथिल सल्फॉक्साइड; ‘ब’मध्ये कीटोन पाण्यात विरघळवायला लागते) १.१३ आणि डायक्लोरोमिथेन फक्त ०.५२.

शेवटच्या आकड्याने मी क्षणभर फसलो. डायक्लोरोमिथेन सर्वांत ‘स्वच्छ’ दिसते, कारण त्याच्या वजनाचा मोठा भाग क्लोरिन आहे. तो भाग नाहीसा होत नाही: दर किलोमागे ०.८६ किलो हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडते, ते निष्प्रभ करायला ०.९४ किलो कॉस्टिक लागते आणि शेवटी १.३८ किलो मीठ उरते. ‘अ’मध्ये कीटोनच्या टप्प्यातून १८.७ किलो डायक्लोरोमिथेन येते, म्हणजे १७ किलोहून अधिक कॉस्टिक आणि जवळपास २६ किलो मीठ, तेही १ किलो उत्पादनासाठी. ‘ब’मध्ये ६.७ किलो डायक्लोरोमिथेन आणि ९ किलो मीठ. हे कॉस्टिक संश्लेषणात कोठेच घातलेले नसल्यामुळे पीएमआयमध्ये दिसत नाही. त्याला वेगळी ओळ दिली आहे.

द्रावक जाळण्याचा एकूण आकडा: ‘अ’ १०१ किलो. ‘ब’ इमल्शन मोडण्यापूर्वी १२२, नंतर ६९. म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी मोजले असते तर या निकषावर ‘ब’ खरोखरच हरला असता, आणि तो निकालही त्या दिवसापुरता खराच ठरला असता.

२ मार्च. ‘अ’वर अन्याय होत होता

आज जाणवले की ‘ब’ सुधारण्यात आम्ही दोन आठवडे घातले आणि ‘अ’ला जुन्या वहीतल्या अवस्थेतच तोलत आहोत. नव्या मार्गाला इंजिनियर द्यायचे आणि जुन्याला फक्त हिशेबनीस, ही तुलना नव्हे. पाच दिवस ‘अ’ला दिले.

टार्टारेट क्षार भराभर थंड केल्यावर बारीक सुयांसारखा येत होता. सुयांच्या जाळीत मदर लिकर अडकून राहते, म्हणून शुद्धता ८८ टक्क्यांवर थांबत होती आणि पुन्हा विरघळवून स्फटिकीकरण करावे लागत होते. ५० अंशांना शुद्ध स्फटिकांचे बीज टाकून आठ तासांत सावकाश थंड केले, तेव्हा जाड, चकचकीत दाणे आले आणि एकाच फेरीत ९९ टक्के शुद्धता मिळाली. दुसऱ्या फेरीचे ८ किलो मेथनॉल वाचले. ‘अ’ १३२ वरून १२४ वर, आणि जाळण्याचा आकडा १०१ वरून ९० वर.

नको असलेला समघटक पुन्हा रेसिमिक करून वापरता आला असता, तर ‘अ’चे चित्र मुळातून बदलले असते. रेने निकेलवर हायड्रोजन आणि अमोनियाखाली तापवून पाहिले. रेसिमिकरण झाले, पण दोन रेणू जोडून होणारे दुय्यम अमाइन इतके तयार झाले की ते पुन्हा वेगळे करण्यातच फायदा संपला. अधिक अमोनियाच्या दाबावर कदाचित जमेल, आमच्या पात्राची मर्यादा तेथे आली. हा मार्ग बंद नाही, आमच्यापुरता थांबला आहे, असे अहवालात लिहिले.

९ मार्च. द्रावक परत मिळवणे

येथे सर्वांत जास्त वाद झाला. ‘अ’मधील मुख्य द्रावक मेथनॉल आहे, ते पाण्याशी ॲझिओट्रोप (नुसत्या ऊर्ध्वपातनाने न सुटणारे मिश्रण) करत नाही आणि क्षार तळाशी राहतो, त्यामुळे ऊर्ध्वपातनाने सहज परत मिळते. ‘ब’चे टोल्युईनही मिळते. एका बाजूला परतावा धरायचा आणि दुसरीकडे नाही, असे करता येत नाही. दोन्हीकडे मेथनॉल आणि टोल्युईनचा परतावा ८० टक्के धरला: ‘अ’ ९०, ‘ब’ ७०. अंतर ४३ वरून २० वर आले.

परतावा फुकट नाही. ‘अ’चे २९ किलो मेथनॉल नुसते उकळायला किलोमागे १.१ मेगाज्यूल धरून ३२ मेगाज्यूल, म्हणजे ९ किलोवॅट-तास लागतात, आणि रिफ्लक्स (थंड झालेल्या वाफेचा परत सोडलेला भाग) धरला की त्याच्या दुप्पट-तिप्पट. तरीही तेवढे मेथनॉल जाळून ४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यापेक्षा आणि तितकेच नवे मागवण्यापेक्षा हे बरे. अहवालात परताव्यासह आणि परताव्याविना असे दोन्ही आकडे शेजारी ठेवले आहेत, कारण ८० टक्के हा आमचा अंदाज आहे, मोजमाप नव्हे.

१३ मार्च. ‘ब’चे पाणी

पीएमआयमध्ये पाणी आणि टोल्युईन यांचा एक किलो सारखाच मोजला जातो, म्हणून बरेच जण पाणी सोडून देतात. ‘ब’बाबत ते धोक्याचे आहे. त्याच्या पाण्यात दर किलो उत्पादनाला ५ किलो डीएमएसओ आहे आणि आयसोप्रोपिलअमाइनमधून येणारे सुमारे ०.९५ किलो नायट्रोजन, त्यातील काही सांडपाण्यात व काही आम्लाच्या स्क्रबरमध्ये. डीएमएसओ जैविक प्रक्रियेत ऑक्सिजनविरहित भागात पोहोचले की सूक्ष्मजीव त्याचे डायमिथिल सल्फाइड करतात, ज्याचा वास अगदी थोड्या प्रमाणातही लपत नाही. जाळायचे ठरवले, तर १७ किलो पाणी तापवून उकळायलाच ४४ मेगाज्यूल हवेत, म्हणजे मेथनॉलच्या परताव्याच्या किमान आकड्यापेक्षा जास्त.

डीएमएसओ २० वरून १० टक्क्यांवर आणून पाहिले. कीटोन तेलाच्या थेंबांसारखे वर तरंगत राहिले आणि रूपांतर अर्ध्यावर अडकले. २० टक्के कायम ठेवले. ‘ब’च्या नावापुढे हे वजन तसेच राहील.

१९ मार्च. जे डेटाबेसमध्ये नाही

आमच्या एन्झाइमचा कार्बन-आकडा डेटाबेसमध्ये नाही. जवळचे एखादे एन्झाइम घेऊन आकडा चिकटवण्याऐवजी प्रश्न उलटा विचारला: तो किती असेल तर निकाल फिरेल? द्रावक जाळण्यातला फरक ९० उणे ६९, म्हणजे २१ किलो; एन्झाइम लागते ०.०६ किलो. म्हणजे किलोमागे ३५० किलो कार्बन डायऑक्साइडचा भार असेल, तरच या एका निकषावर बरोबरी होईल. कोणी पुरवठादाराकडून खरा आकडा आणला, तर ही एक ओळ पाहून दोन मिनिटांत उत्तर मिळते. टार्टारिक आम्लाबाबतही तसेच केले: ते वाइनच्या गाळातून निघणारे सहउत्पादन आहे आणि त्याच्यावर द्राक्षबागेचा किती भार टाकायचा यावर मतभेद आहेत, म्हणून ‘अ’च्या बाजूने त्याचा भार शून्य धरला. क्रम बदलला नाही, वाद तेथेच संपवला.

आयसोब्युटिलबेंझीनही सापडले नाही, म्हणून त्याऐवजी त्याच्यासारखे क्युमीन धरले. दोन्ही मार्गांत तेच असल्यामुळे क्रमावर परिणाम होत नाही, पण ‘अ’ला ते जवळपास पावणेतीन पट लागते, म्हणून चूक असलीच तर ‘अ’मध्ये ती जास्त दिसेल.

२५ मार्च. अहवाल दिला

अकरा आठवडे लागले; पहिल्या आराखड्यात चार लिहिले होते. त्यांतील जास्तीत जास्त दोन आठवडे प्रत्यक्ष मूल्यमापनाच्या आकडेमोडीत गेले. उरलेले वह्या समजून घेण्यात, फनेलसमोर उभे राहण्यात आणि स्वतःच्या चुका उपसण्यात.

अहवालात एकच अंक दिलेला नाही. ‘ब’ची शिफारस केली आहे, तीन अटींसह: प्रथिन आम्लात गाळून काढण्याचा टप्पा वगळायचा नाही, आयसोप्रोपिलअमाइनची भर प्रत्येक लॉटला लिहायची, आणि डीएमएसओ असलेल्या पाण्याची व्यवस्था ठरल्याशिवाय प्रमाण वाढवायचे नाही. दोन्ही मार्गांना समान असलेला कीटोनचा टप्पा सर्वांत वाईट आहे, ही ओळ वेगळ्या परिच्छेदात घातली. परतावा धरल्यावर ‘ब’च्या ७० पैकी २२ किलोहून अधिक भार त्याचाच आहे, आणि डायक्लोरोमिथेन व ॲल्युमिनियम क्लोराइड दोन्ही तेथूनच येतात.

परवापासून घन आम्ल-उत्प्रेरकावर ॲसिटिक ॲनहायड्राइडने तोच कीटोन करून पाहायचा आहे. पत्रकात त्यासाठी मार्ग ‘क’ची ओळ उघडली आहे, आणि एकक आधीच वर लिहून ठेवले आहे.